कोचिनियल कीटक

कोचिनियल कीटक : हेमिप्टेरा (अर्धपक्ष) गणाच्या डॅक्टिलोपिइडी कुलातील, निवडुंगावर उपजीविका करणारा एक खवले कीटक. याचे शास्त्रीय नाव डॅक्टिलोपियस कोकस असे आहे. मूलस्थान अमेरिका खंड. याच्या मादीच्या वाळविलेल्या शरीरापासून तेजस्वी किरमिजी रंग मिळतो व त्या वाळविलेल्या द्रव्यासही ‘कोचिनियल’ असेच म्हणतात. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत हा रंग जागतिक व्यापारातील अत्यंत मोलाच्या वस्तूंपैकी एक होता. त्याच्या लाभासाठी राष्ट्राराष्ट्रांत स्पर्धा झाली, त्याचे मूळ गुप्त राखण्यात आले आणि ते हस्तगत करण्याच्या प्रयत्नांतून, कोणाच्याही मनात नसताना, तणांच्या जैव नियंत्रणाचा आरंभ भारतात झाला.

गण व आप्त कीटक : हेमिप्टेरा गणात ऐंशी हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. ढेकूण, पाणविंचू, मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, सिकाडा व लाखेचा किडा हे सर्व याच गणातील होत. आकार, रंग व राहणी यांत कमालीची विविधता असली, तरी सोंडेसारखे लांब मुखांग हे सर्वांचे समान लक्षण आहे. या सोंडेत सुईसारख्या शूकिका असतात. त्या वनस्पतीच्या अथवा प्राण्याच्या ऊतकात खुपसून कीटक आतील रस शोषून घेतो. चावून खाण्याची क्षमता या गणात नाही. पिलू अंड्यातून बाहेर पडल्यावर टप्प्याटप्प्याने कात टाकून प्रौढ होते. फुलपाखराप्रमाणे कोशावस्थेतून होणारे पूर्ण रूपांतरण सामान्यतः आढळत नाही.

‘हेमिप्टेरा’ हे नाव स्वीडिश निसर्गवैज्ञानिक कार्ल लिनीअस यांनी दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘अर्धे पंख’ असा होतो. ढेकणासारख्या कीटकांच्या पुढील पंखांचा बुडाकडील भाग जाड व टोकाकडील भाग पातळ असतो, यावरून ते सुचले. एकोणिसाव्या शतकात असे दुभंगलेले पंख असणाऱ्यांचा हेटेरोप्टेरा व सारखे पंख असणाऱ्यांचा होमोप्टेरा असे दोन विभाग करण्यात आले. विसाव्या शतकाच्या अखेरीस जननिक द्रव्याच्या अभ्यासावरून होमोप्टेरा हा एकाच पूर्वजापासून उद्भवलेल्या सर्व वंशजांचा गट नसल्याचे दिसून आले. त्यामुळे आता तुडतुडे व सिकाडा यांचा एक, मावा, पांढरी माशी व खवले कीटक यांचा दुसरा, ढेकणांचा तिसरा आणि कोलिओऱ्हिंका हा लहानसा चौथा, असे चार उपगण मानतात. गणाबाहेरील सर्वांत जवळचे आप्त म्हणजे फुलकिडे, तसेच पुस्तकातील उवा व प्राण्यांच्या अंगावरील उवा होत.

खवले कीटकांमध्ये नर व मादी यांत एवढा भेद असतो की, ती एकाच जातीची असल्याचे सहजी ध्यानात येत नाही. कोचिनियलची मादी सु. ५ ते ६ मिमी. लांब, फुगीर व बिनपंखी असते. अंगावर पांढऱ्या मेणाची भुकटी असते. अंड्यातून निघालेली पिले काही काळ रांगतात; काही वाऱ्याने दुसऱ्या झाडावर जाऊन पडतात. निवडुंगाच्या फडीत सोंड रोवल्यावर मादी आयुष्यभर तेथेच राहते. नर मात्र लहान, नाजूक व पंखांची एकच जोडी असलेला असतो. त्याला अन्न घेता येत नाही व मीलनानंतर तो लवकरच मरतो. मादीचे जीवनचक्र सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत पूर्ण होते.

मादीच्या शरीरात कार्मिनिक अम्ल हे रंगद्रव्य तयार होते. वाळलेल्या किड्याच्या वजनात त्याचे प्रमाण सु. एक-पंचमांश असते. हलचाल करू न शकणाऱ्या या कीटकाला ते मुंग्यांसारख्या भक्षकांपासून संरक्षण देते, असे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. एका पतंगाची अळी मात्र कोचिनियल खाऊन तेच अम्ल स्वतःच्या बचावासाठी वापरते. मनुष्याने ज्या रंगासाठी महासागर ओलांडले, तो मुळात एका बैठ्या किड्याचे शस्त्र होय.

जुन्या जगातील किरमिजी रंग : कीटकांपासून लाल रंग काढण्याची कला अमेरिकेपुरती मर्यादित नव्हती. भूमध्य समुद्राच्या परिसरात एका जातीच्या ओक वृक्षावरील केर्मिस कीटक वेचून त्यापासून रंग करीत. आर्मेनियात अरारात पर्वताच्या पायथ्याच्या मैदानात गवताच्या मुळांवर व पोलंडमध्ये एका लहान रोपाच्या मुळांवर राहणारे खवले कीटक याच कामी येत. पोलंडमधील कीटक २४ जूनच्या संत योहानाच्या सणाच्या सुमारास गोळा करीत. त्यासाठी प्रत्येक रोप उपटून पाहावे लागे. मराठीतील ‘किरमिजी’ हा शब्द फार्सी-अरबीतून आलेला असून त्याच्या मुळाशी किडा या अर्थाचा फार्सी ‘किर्म’ हा शब्द आहे. संस्कृत ‘कृमि’ हा त्याचाच सगोत्र होय. इंग्रजी ‘क्रिम्झन’ व ‘कार्माइन’ हे शब्दही याच कुळातील आहेत. याउलट ग्रीक लोक केर्मिसला ‘कोकोस’ म्हणजे फळ वा दाणा म्हणत. एका भाषेने किडा म्हणावे व दुसरीने दाणा, हा घोटाळा पुढे कोचिनियलच्या बाबतीतही दोन शतके चालू राहिला.

भारतात हे स्थान लाखेच्या किड्याला होते. पळस, बोर, कुसुंब इ. वृक्षांवर वाढणाऱ्या या कीटकापासून राळेसारखी लाख व तांबडा रंग ही दोन्ही मिळतात. अथर्ववेदात लाक्षेला उद्देशून एक सूक्त आहे. महाभारतातील लाक्षागृहाची कथा सर्वश्रुत आहे आणि स्त्रियांच्या पायांना लावावयाचा आळता परंपरेने लाखेच्याच रंगाचा असे.

मेक्सिको व पेरू : अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी कोचिनियलचा केवळ शोध लावला नाही, तर त्याची पैदासही केली. रानटी जातींच्या अंगावर कापसासारखे दाट आवरण असते व त्यांत रंग कमी असतो. पाळीव कीटक आकाराने जवळजवळ दुप्पट, विरळ भुकटीने झाकलेला व रंगाने समृद्ध असतो. मात्र पाऊस, थंडी व भक्षक यांपुढे तो दुबळा ठरतो. पिढ्यान्पिढ्या केलेल्या निवडीचा हा परिणाम होय. शेतकरी अंडी घालण्याच्या बेतात आलेल्या माद्या तंतूंच्या लहान घरट्यांत ठेवून ती निवडुंगावर टांगीत, फड्या स्वच्छ ठेवीत, शत्रू कीटक हाताने वेचीत आणि वाढ पूर्ण झालेल्या माद्या मऊ कुंच्याने झाडून घेत. त्यांना उकळत्या पाण्याने, उन्हाने किंवा भट्टीतील उष्णतेने मारून वाळवीत. एक पौंड कोचिनियलसाठी सु. ७०,००० किडे लागत.

नाहुआत्ल भाषेत या रंगाला ‘नोचेस्त्ली’ म्हणजे ‘निवडुंगाचे रक्त’ असे नाव होते. ॲझटेक राज्यकर्ते तो खंडणीरूपाने घेत. स्पॅनिश विजयानंतर सु. १५४० च्या दशकात तयार झालेल्या मेंडोझा हस्तलिखितात अशा खंडणीच्या थैल्या चित्रित केलेल्या आहेत. पेरूमध्ये वारी व इंका संस्कृतींतील लोकरी वस्त्रांत हाच रंग आढळतो. प्राण्यांच्या तंतूंवर तो विशेष चांगला बसतो व तुरटीसारखे रंगबंधक वापरल्यास सहसा विटत नाही.

स्पेनची मक्तेदारी : एर्नान कोर्तेस १५१९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला व १५२१ मध्ये ॲझटेकांची राजधानी पडली. त्यानंतर दोनच वर्षांनी स्पेनच्या दरबाराने या रंगाविषयी त्याच्याकडे विचारणा केली. यूरोपातील रंगाऱ्यांना केर्मिसपेक्षा कितीतरी कमी कोचिनियलमध्ये तेवढाच गडद रंग मिळू लागला. त्यामुळे केर्मिस, आर्मेनियन व पोलिश रंगांचा व्यापार ओसरला. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी कथिलाच्या क्षारांनी कोचिनियलचा रंग भडक शेंदरी होतो, असे आढळून आले. या शोधाचे श्रेय सामान्यतः डच संशोधक कोर्नेलिस ड्रेबेल यांना देतात. धर्माधिकाऱ्यांचे झगे, राजवस्त्रे व ब्रिटिश सैन्यातील अधिकाऱ्यांचे तांबडे डगले कोचिनियलने रंगू लागले. साध्या शिपायांच्या डगल्यांना मात्र स्वस्त मंजिष्ठेचाच रंग असे.

या समृद्धीची झळ उत्पादकांना लवकरच लागली. त्लास्काला येथील मूळ रहिवाशांच्या नगरसभेने १५५३ मध्ये अशी तक्रार नोंदविली की, लोक मका सोडून निवडुंगाच्या मागे लागले आहेत, अन्नधान्य महाग होत आहे आणि सामान्य माणसे पैशाने माजली आहेत. तक्रार करणारे सरदार घराण्यांतील होते व आपले वर्चस्व ढळत असल्याची चिंता त्यांच्या शब्दांत स्पष्ट दिसते. तथापि नगदी पिकाने अन्नाची जागा घेणे, हा वसाहतींच्या इतिहासात वारंवार उद्भवलेला प्रश्न येथे फार लवकर मांडला गेला, हे लक्षणीय आहे.

पुढे ओआहाका प्रांत हे उत्पादनाचे मुख्य केंद्र झाले. चांदीच्या खाणी अथवा उसाचे मळे यांप्रमाणे हा व्यवसाय मोठ्या स्पॅनिश मालकांच्या हाती कधी गेला नाही. कामात इतकी बारकाई व सातत्य लागे की, तो मूळ रहिवाशांच्या कुटुंबांतच राहिला. मालावर ताबा मिळविण्यासाठी स्पॅनिश जिल्हाधिकारी शेतकऱ्यांना आगाऊ रक्कम देत व हंगामात ठरलेल्या कमी भावाने कोचिनियल घेत. ‘रेपार्तिमिएन्तो’ नावाच्या या पद्धतीवर १७८६ मध्ये कायद्याने बंदी आली. ती केवळ जुलूम होती की गरीब शेतकऱ्याला उपलब्ध असलेला एकमेव पतपुरवठा होता, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. कर्जाच्या अटी अधिकारीच ठरवीत व वसुलीचे अधिकारही त्यांच्याच हाती असत. तसेच बंदीनंतर उत्पादन वाढण्याऐवजी घटत गेले, या दोन्ही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. १७७४ च्या सुमारास ओआहाकातील वार्षिक उत्पादन सु. १५ लक्ष पौंडांवर पोचले होते. मेक्सिकोच्या निर्यातीत चांदीच्या खालोखाल कोचिनियलचे स्थान होते.

किडा की बी? : यूरोपात पोचणारा माल म्हणजे सुरकुतलेले करडे दाणे असत. त्यांवरून ते मूळचे काय असावे हे कळत नसे. स्पॅनिश लोकही त्याला ‘ग्राना’ म्हणजे दाणा म्हणत. सतराव्या शतकाच्या अखेरीस डच सूक्ष्मदर्शकतज्ञ आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी दाणे भिजवून व कापून पाहिले. प्रथम त्यांनाही ते बीजच वाटले. नंतरच्या निरीक्षणांत पाय व अंडी आढळल्यावर त्यांनी मत बदलले. तरीही वाद मिटला नाही. ॲम्स्टरडॅममध्ये मेल्किओर द रॉयस्कर यांनी या प्रश्नावर पैज लावली व ओआहाकातील प्रत्यक्ष उत्पादकांच्या शपथेवरील साक्षी १७२५ मध्ये मागवून घेतल्या. त्या सर्वांनी हे जिवंत प्राणी असल्याचे सांगितले. हे कागदपत्र १७२९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. यूरोपातील विद्वानांना जे कोडे दोन शतके सुटले नव्हते, ते ओआहाकातील कोणाही शेतकऱ्याला ठाऊक होते. फक्त त्याला विचारण्याची गरज यापूर्वी कोणाला वाटली नव्हती.

मक्तेदारी मोडण्याचे प्रयत्न : फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ निकोला-जोझेफ तिएरी द मेनोन्व्हिल हे १७७७ मध्ये खरे कारण लपवून मेक्सिकोत शिरले आणि ओआहाकाहून जिवंत कीटकांसह निवडुंगाच्या फड्या पेट्यांत भरून सँ-दोमिंग (सध्याचे हैती) येथे घेऊन आले. तेथे त्यांनी लागवड सुरू केली; परंतु १७८० मध्ये त्यांचे निधन झाले व देखभालीअभावी पाळीव कीटक नष्ट झाले. ब्रिटिशांनी १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियास जाणाऱ्या पहिल्या ताफ्यातून रिओ दे जानेरो येथील निवडुंग व कोचिनियल नेले. किडे टिकले नाहीत. पुढे त्या खंडात आणलेल्या निवडुंगाच्या निरनिराळ्या जातींपैकी एकीने मात्र उच्छाद मांडला व १९२० च्या दशकात सु. २४० लक्ष हेक्टर जमीन व्यापली.

भारतातील प्रयोग : ईस्ट इंडिया कंपनीलाही हा रंग आपल्या मुलखात निर्माण करावयाचा होता. मद्रास येथील कंपनीचे वैद्य जेम्स अँडरसन यांना १७८६ मध्ये गवतावर एक खवले कीटक आढळला. त्याच्यापासून रंग मिळेल, या आशेने त्यांनी लंडनच्या सर जोसेफ बँक्स यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला. तो कीटक निरुपयोगी ठरला. तथापि मद्रासजवळ सैदापेट येथे निवडुंगाची बाग तयार करण्यात आली व खरा कोचिनियल आणून देणाऱ्यास बक्षीस देण्याचे कंपनीने ठरविले. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन याने ब्राझीलहून काही जिवंत कीटक कलकत्त्यास आणले. ते भराभर वाढले व प्रयत्न सफल झाला असे वाटले. पण ते डॅक्टिलोपियस कोकस नव्हतेच; डॅक्टिलोपियस सिलोनिकस ही रानटी जाती होती. तिचा रंग हलका व उत्पन्न अल्प होते. व्यापाराच्या दृष्टीने प्रयोग फसला.

त्या किड्याने मात्र आपले काम चालू ठेवले. उत्तर भारतात अगोदरच पसरलेल्या निवडुंगाच्या एका जातीचे त्याने रान साफ केले. हे पाहून १८३६-३८ मध्ये तो मुद्दाम दक्षिण भारतात व १८६३ च्या सुमारास श्रीलंकेत नेण्यात आला. एखाद्या कीटकाचा तणाच्या नाशासाठी हेतुपुरस्सर केलेला हा जगातील पहिला वापर मानला जातो. तथापि ‘फड्या निवडुंग’ म्हणून महाराष्ट्रात परिचित असलेल्या दुसऱ्या जातीवर या कीटकाचा परिणाम होईना. कुंपणाला उपयोगी पडणारे हे झुडूप गायराने व पडीक जमिनी व्यापीत चालले होते. १९२६ मध्ये श्रीलंकेहून डॅक्टिलोपियस ओपुन्शिई ही जाती आणून सोडल्यावर थोड्याच वर्षांत दक्षिण भारतातील विस्तीर्ण क्षेत्र मोकळे झाले. विशिष्ट जातीचा कीटक विशिष्ट जातीच्या वनस्पतीवरच जगतो, हा धडा या दोन अनुभवांतून स्पष्ट झाला. शास्त्रीय नामाचा अचूक निर्णय हा निव्वळ पांडित्याचा विषय नसून त्यावर जमिनींचे व शेतांचे भवितव्य अवलंबून असते, हेही त्यातून दिसून आले.

अवनती : मेक्सिको १८२१ मध्ये स्वतंत्र झाल्यावर स्पेनची मक्तेदारी संपली. ग्वातेमालात व कॅनरी बेटांत उत्पादन वाढले. १८६० च्या दशकाच्या अखेरीस कॅनरी बेटांतून वर्षाला सु. ६० लक्ष पौंड माल बाहेर जात होता. याच सुमारास रसायनशास्त्राने या व्यवसायावर आघात केला. विल्यम हेन्री पर्किन यांनी १८५६ मध्ये पहिला व्यापारी कृत्रिम रंग तयार केला होता. १८७० च्या दशकात निघालेले ॲझो वर्गातील तांबडे रंग स्वस्त व वापरण्यास सोपे होते. थोड्याच काळात कोचिनियलचे भाव कोसळले आणि द्राक्षमळे काढून निवडुंग लावलेल्या कॅनरी बेटांतील शेतकऱ्यांवर दैन्य ओढवले. लाखेच्या रंगाचीही हीच गत झाली. परंतु लाखेची राळ उपयुक्त असल्याने तो व्यवसाय तगून राहिला.

पुनरुज्जीवन व सद्यःस्थिती : कृत्रिम रंगांच्या सुरक्षिततेविषयी शंका निर्माण झाल्यावर कोचिनियलला पुन्हा मागणी आली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १९७६ मध्ये ॲमरंथ या खाद्यरंगावर बंदी घातली, ही या दृष्टीने महत्त्वाची घटना होय. पेये, मिठाई, दही, मांसाचे पदार्थ, औषधे व ओठांना लावावयाचे रंग यांत कार्माइन वापरतात; यूरोपीय संकेतानुसार त्याचा क्रमांक ई १२० आहे. जागतिक उत्पादनात पेरूचा वाटा सर्वांत मोठा असून तेथील अनेक लहान शेतकऱ्यांचा चरितार्थ त्यावर चालतो. मात्र काही व्यक्तींना या रंगाने तीव्र अधिहर्षता (ॲलर्जी) होते. त्यामुळे वेष्टनावर त्याचा नामनिर्देश करणे अमेरिकेत २०११ पासून सक्तीचे झाले. रंग प्राणिज असल्याने शाकाहारी लोक तो वर्ज्य मानतात. २०१८ मध्ये जननिक बदल केलेल्या बुरशीकडून कार्मिनिक अम्ल तयार करून घेण्यात शास्त्रज्ञांना यश आले. ही पद्धत किफायतशीर झाल्यास एकोणिसाव्या शतकातील संकटाची पुनरावृत्ती पेरूच्या डोंगराळ भागात होण्याचा संभव आहे.

दुसरीकडे, भारतात तणनाशक म्हणून गौरविलेली डॅक्टिलोपियस ओपुन्शिई ही जाती अन्यत्र पिकाची शत्रू ठरली आहे. ईशान्य ब्राझीलमध्ये गुरांच्या चाऱ्यासाठी व मोरोक्कोत फळांसाठी व कुंपणासाठी निवडुंग लावतात. मोरोक्कोत हा कीटक २०१४ मध्ये प्रथम आढळला व काही वर्षांतच त्याने तेथील लागवडीची मोठी हानी केली. त्यामुळे आता त्याला प्रतिकार करणारे निवडुंगाचे वाण निवडण्यात येत आहेत. उपकारक व उपद्रवी ही विशेषणे कीटकाच्या स्वभावाची नसून त्या त्या प्रदेशातील मनुष्याच्या गरजांची द्योतक आहेत, असे कोचिनियलच्या इतिहासावरून म्हणता येते.